कडं न घातलेला खांब

राहुटी उभी करण्याआधी भिवाजी प्रत्येक बांबूला बोटाच्या पेराने ठोकायचा आणि ठोकताना कान अगदी जवळ न्यायचा. धड बांबूचा आवाज आखूड आणि घट्ट येतो. आत कुठे तडा असला तर तोच आवाज जरासा लांबतो, फाटका होतो. चुनखडीचा शोध घेणाऱ्या सर्वेक्षण पार्टीत तो एकवीस वर्षं खलाशी, म्हणजे राहुट्या ठोकणारा आणि सामान वाहणारा गडी होता. त्यातली नऊ वर्षं टिंडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. पार्टीच्या सगळ्या राहुट्या त्याच्या ताब्यात असत, आणि त्या नऊ वर्षांत एकही खांब मोडून पडलेला नव्हता.

याला नशीब म्हणता येणार नाही. दिवस मावळला की तो दोऱ्या सैल करत हिंडायचा, कारण सुती दोरी दवाने आखडते आणि रात्रभर खांबाला वाकवत राहते. काळ्या जमिनीत खांब एका बाजूने रुतू नये म्हणून बुडाशी चपटा दगड ठेवायचा. बांबू नेहमी भरीव जातीचा आणायचा, तोही थंडीत तोडलेला आणि महिनाभर वाहत्या नाल्यात मुरवलेला. मग त्याला घुण लागत नसे.

रामाजी खलाशी त्याची थट्टा करायचा.

"भिवाजी, खांब पारखून राह्यला का पोरीसाठी नवरा? मले पाह्याले आल्ते तवा तर येवढी पारख नाई केली तुमी!"

"तवा केली असती, जावईबुवा, तर राहीले तुह्या घरी दिली असती काय?"

सगळे हसायचे. रामाजीची बायको राहीबाई जैनथची, भिवाजीच्या गल्लीतली. तिला सख्खा भाऊ नव्हता. लग्नात भावाच्या जागी भिवाजीच उभा राहिला होता. रामाजीचं स्थळही त्यानेच आणलं होतं आणि पुढे त्याला पार्टीत चिकटवलंही त्यानेच.

१९८७च्या चैत्रात पार्टीचा मुक्काम गुडीहत्नूरपासून आठ मैलांवर होता, सागाच्या विरळ जंगलात, नाल्याच्या काठी. तिथे रामाजीला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी अंगभर पुरळ उठलं. गुडीहत्नूरहून आलेले डॉक्टर म्हणाले, कांजिण्या आहेत, मोठ्या माणसाला जड जातात, दहा-बारा दिवस उन्हातान्हात हलवू नका. पार्टीच्या भूवैज्ञानिक साहेबांनी सामानाची मोठी राहुटी रिकामी करून दिली. तिला दुहेरी कापड होतं, त्यामुळे आत गारवा राहायचा. जैनथच्या बाजूला रामाजीच्या गावी निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी राहीबाई बसने उतरून पायी मुक्कामावर पोचली. डोक्यावर कडुनिंबाच्या डहाळ्यांचा भारा होता.

तिच्याबरोबर मातेचे, म्हणजे कांजिण्यांच्या रूपाने अंगावर आलेल्या देवीचे, नियमही आले. फोडणी द्यायची नाही. डोक्याला तेल लावायचं नाही, वेणी घालायची नाही. सुई ओवायची नाही. लोखंड तापवायचं नाही, खिळा ठोकायचा नाही. ठोकलं तर घाव मातेच्या अंगावर बसतो आणि ती उलटते. खलाशी सगळे त्याच मुलखातले, कुणी तोंड वेडंवाकडं केलं नाही. स्वयंपाक्याने सगळ्या मुक्कामाची फोडणी बंद केली. सगळे बिनफोडणीचं वरण मुकाट्याने गिळू लागले.

"माता मले आली का तुमाले?" रामाजी आतून ओरडायचा. "तोंडं काऊन पाडली?"

सातव्या दिवशी त्याच्या अंगावरचे फोड सुकून खपल्या धरू लागल्या. ताप उतरला. राहीबाईने दिवस मोजले. परवा नवव्या दिवशी निंबाच्या पाण्याने आंघोळ, दहीभाताचा नैवेद्य, आणि माता आपल्या घरी जाणार. त्याच दिवशी दुपारी वाऱ्याचा एक झोत आला आणि राहुटीत कट्कन आवाज झाला.

भिवाजीने आत जाऊन मधला खांब पाहिला. नऊ फुटांचा तो खांब दोन तुकड्यांचा होता. तुकडे मधोमध लोखंडी नळीत बसवलेले असत. नळीच्या तोंडापाशी, जिथे वाकण्याचा सगळा ताण येतो, तिथून वर वीतभर तडा गेला होता. केसाएवढाच, पण उभा. बांबूचे तंतू उभे असतात, म्हणून तडा उभाच पळतो. त्याला वरच्या टोकाला अडवलं नाही तर एका जोराच्या झोताने तो पेरापर्यंत जातो.

यावरचा इलाज भिवाजीला पाठ होता. तड्याभोवती बांबूच्या चार कांब्या लावायच्या आणि ओल्या सुतळीने करकचून गुंडाळायच्या. सुतळी वाळताना आवळते. पण खरी मदार कड्यावर. लोखंडी कडं इंगळात लाल करायचं, तड्याच्या वरच्या टोकाशी बसवायचं, हातोडीने ठोकून खाली आणायचं आणि पाणी मारायचं. निवताना कडं आकसतं आणि तड्याचं तोंड कायमचं बंद करतं. नुसती सुतळी झुळूक सोसते, वादळ नाही.

तसाच दुसरा खांब फक्त साहेबांच्या राहुटीला होता आणि साहेब ती राहुटी घेऊन दोन दिवसांसाठी उटनूरकडे गेले होते. जीपही तिकडेच होती. बाकीच्या छोलदाऱ्या, म्हणजे छोटे तंबू, एकेरी कापडाच्या आणि कमरेएवढ्या खांबांच्या; तिथल्या उन्हात रामाजीला हलवण्यासारखं नव्हतं.

भिवाजीने चुलीत कडं टाकलं. राहीबाई धावत आली.

"दादा, काय करून राह्यले?"

"खांब तडकला बाई. कडं घालतो."

"लोखंड तापवता? माता अंगावर हाये त्यायच्या!" तिचा आवाज चिरकला. "ते कडं काढा पयले चुलीतून."

"दोन ठोके मारीन. हळू."

"हळू ठोकलं का जोरात, लागते तिलेच. माह्या आत्याच्या पोराचे डोळे कशानं गेले, तुमाले ठावं हाये ना? बापानं दाराची कडी ठोकली होती. दादा, तुमच्या पाया पडतो. परवाच तर आंघोळ हाये. दोन दिवस कसंबी धरा."

ती खरोखरच वाकली. भिवाजीने पाय मागे घेतले. आतून रामाजी म्हणाला, "राहू द्या भिवाजी. खांब मोडला तं मी धरून बसतो. नाईतरी पडूनच हाये!"

भिवाजीने चिमट्याने कडं काढून राखेत ठेवलं. ते अजून तांबडं झालेलं नव्हतं.

त्याने कांब्या लावल्या, सुतळी दुपदरी गुंडाळली, वरून राळ फासली. वाऱ्याच्या बाजूच्या दोऱ्या वाढवल्या. रामाजीची बाज खांबापासून जितकी सरकवता येईल तितकी सरकवली. कनातीच्या कापडी भिंतीला टेकली तर ऊन लागे, म्हणून ती हातभरच सरकली. मग तो नाल्यावर हात धुवायला गेला आणि तिथे त्याच्या मनात आलं की इथेच, काठाच्या आड, कडं तापवावं. राहीबाई निंबाचा पाला आणायला गेली की गुपचूप बसवावं. ठोकायचंही नाही, नुसतं दाबून बसवायचं. तिला कळणार नाही.

तो बराच वेळ पाण्याकडे पाहत उभा राहिला. मग त्याने विचार टाकला. मातेचं भय त्याला नव्हतं असं नाही. पण जास्त खरं हे, की बहिणीशी तो आजवर खोटं वागला नव्हता आणि ती पाया पडल्यावर तिच्या पाठीमागे तसं करणं त्याला जमेना. दोनच तर दिवस होते.

वादळ दुसऱ्या दिवशी चार वाजता आलं. ईशान्येकडे आभाळ पिवळं झालं आणि सागाची वाळलेली पानं एकदम उडाली. राहीबाई निंबाखाली होती. भिवाजी छोलदाऱ्यांच्या दोऱ्या आवळत होता. राहुटीचं कापड फुगलेलं त्याला दिसलं आणि तो धावला. दहा पावलं राहिली असतील, तोच खांब मोडला. वरचा तुकडा, टोकाच्या लोखंडी खिळीसकट, कापडाच्या ओझ्याखाली तिरपा आत गेला. तिघांनी मिळून कापड उचललं. रामाजीच्या कानाच्या वर जखम होती, फार मोठी नव्हती, पण श्वास थांबला होता. त्याचा एक हात मोडक्या खांबाच्या बुडावर होता. आवाज ऐकून तो खरंच धरायला उठला होता.

साहेब दुसऱ्या दिवशी परतले. पंचनाम्यासाठी पोलीस जमादार यायचा होता. साहेबांनी खांबाचे दोन्ही तुकडे मागवले आणि भिवाजीला राहुटीत एकट्याला बोलावलं. साहेब तेलुगू बोलणारे, वयस्क. खलाशांशी हिंदीत बोलत.

"क्या हुआ, भिवाजी?"

"घुन लगा था, साब. मेरी नजर से छूट गया."

हे वाक्य त्याने रात्रभर जुळवलं होतं. पंचनामा राहीबाईला वाचून दाखवणार होते आणि त्यावर तिचा अंगठा घेणार होते. कडं का घातलं नाही हे एकदा कागदावर आलं, की ते तिला ऐकावं लागणार होतं. जमादाराच्या तोंडून, चारचौघांत.

साहेबांनी गळ्यातलं भिंग काढलं. दगडातले कण पाहायचं ते भिंग त्यांनी मोडलेल्या तोंडावर धरलं आणि तुकडा उजेडाकडे फिरवला. तिथे लांब, पांढरे, कोरडे तंतू होते. एकही भोक नव्हतं, कुठे पीठ नव्हतं.

"इसमें घुन कहाँ है?"

साहेबांनी सुतळीवर बोट फिरवलं, वरच्या टोकाशी थांबले. तिथे कड्याची जागा मोकळी होती. मग बाहेर पाहिलं. राहीबाई निंबाला टेकून बसली होती आणि तिच्यापुढे कालपासूनचं ताट तसंच होतं.

"टिंडेली जाएगी तुम्हारी," साहेब म्हणाले. "और नाम भी."

"जाने दो, साब."

साहेबांनी भिंग खिशात टाकलं आणि ते दोन तुकडे स्वतः नेऊन स्वयंपाक्याच्या चुलीत घातले. पंचनाम्यात खांबाला घुण लागला होता असं लिहिलं गेलं. राहीबाईने अंगठा दिला. ती रडली नाही.

तेराव्याच्या आदल्या दिवशी तिची जाऊ विमलबाई हिने माणूस पाठवून भिवाजीला रामाजीच्या घरी बोलावून घेतलं. दारातच म्हणाली, "रडली नाई अजून. पानी पेते, बाकी काईच नाई. म्हंते, दादाले बोलवा, त्यायले इचारल्याबिगर घास घेनार नाई."

राहीबाई भिंतीला टेकून बसली होती. केसांना अजून तेल नव्हतं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"दादा, त्या कागदात घुण लिवला हाये."

"हो."

"खोटं हाये ते." ती शांतपणे म्हणाली. "घुणाचा खांब तुमी उभा करनार नाई. मी लहान होतो तवापासून पाहून राह्यलो, तुमी गोठ्याची मेढ लावाची तं दहा बांबू फेकून देत होते. मले खरं सांगा. कडं घातलं असतं तं तो खांब राह्यला असता. मीच घालू नाई देल्लं. मीच मारलं ना त्यायले?"

कागद तिला पटला नव्हता, कारण तिचा भिवाजीवर विश्वास होता. त्याला ते आता लख्ख दिसलं. नुसतं खोटं सांगून भागणार नव्हतं. आधी तो विश्वास मोडावा लागणार होता.

"राही," तो म्हणाला, "घुण मले दिसला होता."

तिने मान वर केली.

"संक्रांतीपासून दिसून राह्यला होता. सकाळी बुडाशी पीठ पडे, मी पायानं सारून टाको. म्हनलं, दोन महिन्यात पार्टी मोडते, कोन आता जंगलात जाऊन बांबू तोडते. आळस केला."

"तुमी?"

"मी."

"मग कडं काऊन तापवत होते?"

"साहेबाले दाखवाले. काई केल्याचं दिसलं पायजे म्हून." थांबला असता तर पुढचं जमलं नसतं. "आत भुसा झाला होता. कड्यासकट मोडला असता. तू नाई म्हनली काय न हो म्हनली काय, त्यात काई फरक नोता."

घरात कुठेतरी जातं चालू होतं, ते थांबलं. राहीबाई त्याच्याकडे पाहत राहिली. त्याला वाटलं, ही आता पुन्हा म्हणेल, खोटं आहे. एका क्षणापुरती त्याला तशी आशाही वाटली.

"त्यायची बाज त्याच खांबाखाली टाकली तुमी," ती म्हणाली. "पीठ गळत होतं, आन् त्याखाली टाकली."

"हो."

"ते तुमाले हसवत होते. आजारात बी हसवत होते." तिने दाराकडे बोट केलं. "निंघा. माह्या घरातून निंघा तुमी."

तो उठला. उंबऱ्याच्या बाहेर चप्पल घालताना त्याला मागून पहिला हुंदका ऐकू आला. मग ती मोठ्याने रडू लागली. छाती पिटू लागली. रडण्यात रामाजीचं नाव होतं आणि त्याचंही. त्याचे हात झडोत, त्याचं घर बसो, असं ती म्हणत होती. शेजारच्या बाया धावत आल्या. त्यांनाही तिने सांगितलं, त्याच दमात, सगळं. भिवाजी अंगणाच्या कडेला बोरीपाशी उभा राहून ऐकत होता. बाया त्याच्याकडे पाहून पदर सावरत पुढे जात होत्या.

तासाभराने विमलबाई बाहेर आली.

"खाल्ली," ती म्हणाली. "अर्धी भाकर खाल्ली. रडत रडतच." मग खाली पाहून म्हणाली, "तुमी आता येत नका जाऊ इकडं."

"नाई येत," भिवाजी म्हणाला.

जैनथची बस पाचला होती. तो थांबला नाही, कापसाच्या वाळल्या पळाट्यांच्या रानातून चालत निघाला. वाटेत कुणी रामराम केला तर तो उत्तर देत होता. उद्यापासून ही माणसं रामराम करतील की नाही, ते त्याला ठाऊक नव्हतं.