केंद्रातली घसरण

संशोधन संस्थेत तिला सगळे 'खोडरबर' म्हणायचे. आपलंच उत्तर खोडून पुन्हा पहिल्यापासून हिशेब मांडायची तिला खोडच होती. त्यामुळे मार्गदर्शक सरांसमोर ठेवलेला एका दीर्घिकेचा, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहाचा, आलेख तिने किती वेळा तपासला होता, ते तिचं तिलाच ठाऊक.

"काठाकडून आत येताना या दीर्घिकेत ऑक्सिजन वाढत जातो," ती म्हणाली. "पण ऐन केंद्रात, कृष्णविवराभोवती वायू धगधगतोय ना, तिथं तो एकदम घसरतो."

सर हसले. "अगं, ताऱ्यांसाठी केलेलं सूत्र तू त्या धगीला लावलंस. उत्तर चुकणारच."

"नाही लावलं, सर. केंद्राचा हिशेब वेगळा केलाय."

"मग वायूचं तापमान थेट मोजून दाखव, ऑक्सिजनचा आकडा त्यावरच ठरतो. तोवर मी काही मानायचो नाही."

बोलणं झोंबलं, पण सरांचं म्हणणं रास्त होतं. तापमान सांगणारी प्रकाशरेषा इतकी फिकी, की तिने मिळवलेल्या वर्णपटात, म्हणजे प्रकाशाच्या रंगपट्ट्यात, ती हरवूनच गेली होती. मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागितला, तर नकार आला. मग तिने सरळ दुसऱ्या गटाच्या प्रमुख बाईंना फोन लावला. त्यांनी त्याच दुर्बिणीतून वेगळ्याच कामासाठी अशा बऱ्याच दीर्घिका पाहिल्या होत्या, त्यात हीसुद्धा होती.

"आम्हाला त्या रेषेचं काही काम नाही," बाई म्हणाल्या. "खुशाल घेऊन जा!"

वर्णपट आले. तिने आपल्या दीर्घिकेचा आधी उघडला. रेषा होती! बारीक, पण ठसठशीत. तापमान निघालं, त्यावरून ऑक्सिजन निघाला. कमीच. सवयीने खोडून पुन्हा मांडलं. तरी कमीच! बाकीच्या दीर्घिकांमध्येही बहुतेक ठिकाणी तीच घसरण. काही मात्र हट्टी निघाल्या, त्याही तिने लपवल्या नाहीत.

भरल्या सभेत तिने सगळं मांडलं. "ऑक्सिजन ताऱ्यांच्या भट्टीत तयार होतो. त्या भट्टीतून फारसा न गेलेला कोरा वायू बाहेरून आत कोसळत असावा. तोच मधला ऑक्सिजन पातळ करतो आणि कृष्णविवराचं पोटही भरतो."

सरांनी आलेख पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत तपासला. मग उठून उभे राहिले.

"हिने आज मला सपशेल खोटं पाडलंय," ते गरजले. "टाळ्या वाजवा की! बघताय काय?"

टाळ्या थांबेनात. बाहेर येऊन तिने घरी फोन केला.

"आई, जिंकले गं!"

"कुणाशी भांडलीस?"

"सरांशी!"

"बरं केलंस," आई म्हणाली. त्यावर लेक इतक्या मोठ्याने हसली, की संस्थेच्या व्हरांड्यातल्या सगळ्या खोल्यांची दारं उघडली.