अध्यक्षांचं काम

एलियास पेझारकर विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि पळस्प्याजवळच्या वीटभट्टीवर बालवाडी चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष झाले. आधीचे अध्यक्ष वर्षातून चार बैठकांना येत. एलियास अंकल रोज सकाळी स्कूटरवरून हजर.

पहिल्या आठवड्यात त्यांनी चपलांची रांग सरळ केली. दुसऱ्या आठवड्यात खिचडीत हळद किती घालायची, ते भागीला सांगू लागले. भागी भट्टीवरचीच, सात वर्षं इथे स्वयंपाक करणारी. "तुमी म्हनाल तेवडी घालू," ती म्हणाली आणि नेहमीएवढीच घातली. अंकलनी चव घेतली. "बघ, पडला ना फरक!"

व्यवस्थापिका प्राजक्ता हे हसून सोडून देई. पण मुलं पेंगतात म्हणून अंकलनी बालवाडीची वेळ परस्पर सातवरून दहावर नेली. भट्टीचं काम तर पहाटेच सुरू होतं. दहापर्यंत मुलं आईबापांमागे धुळीत पांगली. त्या दिवशी चाळीसपैकी सहा आली.

"अंकल, उद्यापासून परत सात," प्राजक्ता म्हणाली. "ते माझं काम. तुमचं दोन महिने पडून आहे."

"माझं? कोणतं?"

"ही भट्टी पुढच्या हंगामात बंद होतेय. कुटुंबं पेणकडे जाणार. आपण त्यांच्यामागे जायचं, की इथेच आसपासच्या दुसऱ्या मुलांसाठी राहायचं? हे विश्वस्तांनी ठरवायचं. मी पत्र दिलं होतं."

अंकलना पत्र आठवलं. त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारून त्यांनी ते परत पाठवलं होतं.

रविवारी बैठक भरली. विश्वस्त कमळाकररावांनी सुरुवातच केली, "नव्या जागी छपराला पत्रे निळे घालू या."

"ते प्राजक्ता बघेल," अंकल म्हणाले. म्हणताना त्यांना फार जड गेलं. निळा त्यांनाही आवडायचा.

मग दोन तास एकच चर्चा झाली: संस्था जागेची की मुलांची? भागीलाही विचारलं. "पोरं जातील तिकडं शाळा आली तर शिकतील. नायतर नाय," ती म्हणाली. ठराव झाला, पेणला जायचं. कसं, ते प्राजक्ता ठरवेल आणि दर तीन महिन्यांनी विश्वस्तांना सांगेल.

पेणहून तिचा पहिला अहवाल आला. अंकलनी तो दोनदा वाचला आणि बैठकीत एकच प्रश्न विचारला, "आपल्या बालवाडीतून पहिलीत गेलेली किती मुलं तिथे टिकली?"

ही नोंद प्राजक्ताने कधी ठेवलीच नव्हती. अंकल रोज येत होते तेच सोपं होतं, असं तिला क्षणभर वाटलं. मग तिने वही ओढली आणि एकेका मुलाचं नाव लिहायला घेतलं.