खोक्यात बसवलेली आबाजींची काच

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर म्हणाल, ही तर साधी जुनी काच. आहेच मी साधी. तळहाताएवढी गोल, मध्ये फुगीर, कडेला स्टीलची पट्टी. विज्ञानाच्या पुस्तकात मला बहिर्गोल भिंग म्हणतात. करडी गावातल्या आमच्या घरात मात्र मी 'आबाजींची काच'. एके काळी मला काळी मूठही होती. ती का गेली, हे सांगायचं म्हणजे माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगायची. आजवर ती मी कोणाला सांगितलेली नाही.

मला कोणत्या कारखान्यात घासलं, ते आठवत नाही. आठवतो तो भंडाऱ्याच्या बसस्थानकाबाहेरचा फेरीवाला. कंगवे, नेलकटर आणि टॉर्च यांच्यामध्ये मी पडून होते. जागेश्वर आबाजींनी मला उचललं, हातातल्या तिकिटावर धरलं आणि बारीक आकडे मोठ्यानं वाचले. "आता कसं!" म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

काम खूप होतं. धानाच्या बियाण्याच्या पिशवीवरची तारीख, विजेचं बिल, फवारणीच्या औषधाच्या बाटल्या, सगळं ते माझ्यातून वाचत. त्यांची नात डिंपल तीन वर्षांची असताना तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. तिची आई रुपा सुई घेऊन बसली, पण काट्याचं टोक तिला दिसेना. आबाजींनी मला टाचेवर धरलं आणि काटा अलगद काढला. "मामाजी, ही काच होती म्हणून," रुपा सासऱ्यांना म्हणाली. ती माझी पहिली तारीफ. मला तिची चटक लागली, हे तेव्हा मला कळलं नाही.

मग आबाजींचे डोळे मंद होत गेले. आधी ते मला कागदापासून वीतभर दूर धरत. पुढे कागद, मी आणि त्यांचं नाक यांत बोटभर अंतर उरलं. ते घरात कोणाला बोलले नाहीत. मुलगा निकेश नागपूरला कंपनीत, रविवारपुरता येणारा. सुनेवर घर, शेत आणि पोर. काही वाचायचं असलं की आबाजी मला खुंटीवरून काढून घरामागे नेत आणि कोणी नाही असं पाहून वाचत. म्हणून ही गोष्ट फक्त मला माहीत होती. मित्रांनो, हे ध्यानात ठेवा. फक्त मला.

घरात डोळ्यांची काळजी होतीच, पण ती डिंपलच्या डोळ्यांची.

"डिंपल, फोन लांब धर! डोळे जातीन ना!"

"एकच व्हिडिओ, आई."

"एकच एकच करून दुपार झाली. जाड चष्मा लागला म्हणजे समजन तुले."

रुपा बी.ए. झालेली. डिंपल रोज किती मिनिटं फोन बघते, ते ती कॅलेंडरवर लिहून ठेवायची. त्यामुळे सहावीतल्या डिंपलनं घरीच प्रोजेक्टर बनवायचं काढलं तेव्हा रुपा लगेच हो म्हणाली. भिंतीवर दुरून पाहिलं तर पोरीच्या डोळ्यांना ताण कमी, असा तिचा हिशेब.

डिंपलनं चपलांचं रिकामं खोकं घेतलं. आत फोन उभा केला आणि समोरच्या भोकात आधी जत्रेतल्या खेळण्यातल्या दुर्बिणीची चिमुकली काच लावली. भिंतीवर पोळीएवढं चित्र पडलं. मध्ये स्पष्ट, कडेला सगळं पाण्यात बुडाल्यासारखं. मग तिनं पाणी भरलेली गोल बाटली लावून पाहिली. त्यात माणसं भोपळ्यासारखी रुंद झाली. तिची मैत्रीण कामिनी हसून हसून खाली बसली.

"मोठी काच पाहिजे," कामिनी म्हणाली. "तुह्या आबाजीजवळ आहे ना?"

डिंपल आबाजींकडे आली. "आबाजी, तुमची काच देता का?"

 मी आबाजींच्या हातात होते, म्हणून त्यांची बोटं माझ्या मुठीवर आवळलेली मला कळली. मग ते हसले. "ने बाई, ने. मले कायले लागते? मले अजून सुईत दोरा ओवता येते."

ते खोटं होतं. आणि मित्रांनो, मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. घरामागच्या भिंतीशी लपूनछपून बिलं वाचण्यापेक्षा सगळ्यांसमोर झळकणं मला हवं होतं.

माझी मूठ खोक्याच्या भोकात मावेना. रविवारी निकेशनं करवत आणली. "बाबा, कापू ना?" त्यानं विचारलं. "काप, काप," आबाजी म्हणाले आणि बैलांना पाणी पाजायचं निमित्त करून उठून गेले. मूठ गेली. डिंपलनं मला डिंकानं आणि चिकटपट्टीनं खोक्याला पक्कं बसवलं.

आता उजेडाची अडचण आली. चित्र फिकट पडत होतं. डिंपलनं फोनच्या मागून टॉर्च मारला. उजेड फोनच्या पार जाईना. मग समोरून भिंतीवर मारला. होतं ते चित्रही पुसलं गेलं. शेवटी रुपाला सुचलं. तिनं तव्याच्या बुडाची काजळी खोक्याला आतून फासली आणि खोलीच्या दारखिडक्यांना पोती लावली. फोनचा उजेड तेवढाच होता, पण इकडेतिकडे सांडायचा थांबला. चित्र झळझळीत झालं.

एक खोड मात्र राहिली. माझ्यातून चित्र खाली डोकं वर पाय असं पडतं. डिंपलनं फोन उलटा ठेवला तेव्हा माणसं सरळ उभी राहिली, पण अक्षरं आरशातल्यासारखी दिसू लागली. तिनं डोकं चालवलं. भिंतीऐवजी मध्ये पातळ पांढरं धोतर टांगलं आणि बघणाऱ्यांना धोतराच्या पलीकडे बसवलं. तिकडून अक्षरं सरळ दिसत होती.

तान्ह्या पोळ्याचा दिवस ठरला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ, गोळा करतात. त्या दुपारी वीसेक पोरं बैलांसकट आमच्या खोलीत शिरली. डिंपलनं पोळ्याला आबाजींच्या बैलजोडीचा व्हिडिओ काढला होता. धोतरावर बैल हलले तेव्हा पोरांनी "होऽऽ" केलं. तसं मला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. मी फुगीर आहेच, आणखी फुगले.

आबाजी खोकं धरायला माझ्या बाजूला बसले होते. शेवटी डिंपलनं लिहिलेली मोठी अक्षरं आली: 'आबाजी, बोजारा द्या!' ती पलीकडून ओरडली, "आबाजी, वाचा ना काय लिहिलं ते!"

आमच्या बाजूनं ती अक्षरं उलटी होती. ज्याला दिसतं तो म्हणाला असता, अगं, उलटं आहे हे. आबाजींनी घसा खाकरला आणि ऐटीत वाचलं, "जागेश्वर पाटलाची बैलजोडी!"

पोरं खो खो हसली. "आबाजी मजाक करून राहिले!"

आबाजीही हसले. दाराशी उभ्या रुपाच्या कपाळाला एक आठी पडलेली मी पाहिली. पण तेवढ्यात डिंपल धोतराला नाक लावून उभी राहिली आणि रुपा ओरडली, "डिंपल, मागे सरक! डोळे!" आठी गेली ती गेलीच.

तिसऱ्या दिवशी आबाजी फवारणीला निघाले. गावाबाहेरच्या बोडीखाली, म्हणजे लहान तलावाखाली, त्यांची धानाच्या शेताची चांगली बांधी होती. तिथल्या धानावर खोडकिडा दिसत असल्याचं रुपानं सांगितलं होतं. माळ्यावर सारख्या दोन पांढऱ्या बाटल्या होत्या. एक किड्याच्या औषधाची, एक धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत जाळायची. आबाजींचा हात सवयीनं खुंटीकडे गेला. खुंटी रिकामी होती. मग ते खोक्यापाशी आले आणि त्यांनी बाटली माझ्यासमोर धरली. पण माझ्या मागे आता काळं खोकं होतं. तिकडून बघायला कोणाच्या डोळ्याला जागाच नव्हती.

आतल्या खोलीत कामिनी डिंपलला म्हणत होती, "काय मस्त काच आहे वो तुमची! आता शाळेत दाखव." आबाजींनी हाक मारायला तोंड उघडलं. मग मिटलं. दोन्ही बाटल्यांचा वास घेतला आणि एक उचलून गेले.

मी काच आहे, मला ओरडता येत नाही, हे खरं. पण मित्रांनो, ओरडावं असंही माझ्या मनात आलं नाही. मी कामिनीचं बोलणं ऐकत होते.

आठवड्यानं शेजारचे भैयाजी दारात येऊन उभे राहिले. "काय गा जागेश्वर, तुह्यं धान भादव्यातच पिकलं! पिवळंजर्द झालं पूर्ण. विळे धार करून ठेवले का नाही?"

"रोग आला असन," आबाजी म्हणाले. आवाज बारीक होता.

रुपा शेतात धावत जाऊन आली. येताच तिनं माळ्यावरून दोन्ही बाटल्या काढल्या. "मामाजी, यातलं कोणतं मारलं?"

आबाजींनी बाटल्या चाचपल्या. "हे. अर्धं संपलेलं. किड्याचं."

डिंपलनं वाकून वाचलं. "आई, हे तर तणनाशक आहे. गवताचं."

 भैयाजी चप्पल घालून हळूच निघून गेले. आबाजी भिंतीला टेकून खाली बसले.

"दिसत नाही, बाई," ते रुपाला म्हणाले. "दोन सालं झाले. तुह्यं तोंडही मी आवाजावरून ओळखतो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू पोरीच्या डोळ्याच्या मागं एवढी लागली राहते. त्यात माह्ये कुठं सांगू?"

रुपानं कॅलेंडरवरच्या मिनिटांच्या आकड्यांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. डिंपलला रडू फुटलं. तिनं चिकटपट्टी फाडून मला ओरबाडून काढलं आणि आबाजींच्या हातात दिलं. माझ्या कडेला डिंक आणि काजळी लागलेली. धरायला मूठ नाही. आबाजींनी मला दोन बोटांत पकडलं, बाटलीवर टेकवलं, डोळा अगदी जवळ आणला आणि एकेक अक्षर लावू लागले.

"त... ण... ना..."

पुढचं त्यांनी वाचलं नाही. माझ्यातून त्यांना अजून वाचता येत होतं. पिवळ्या बांधीची बातमी ऐकण्यापेक्षा ती तीन अक्षरं ऐकणं मला जड गेलं.

पुढच्याच आठवड्यात निकेशनं सुट्टी काढून त्यांना भंडाऱ्याला नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. त्या बांधीत यंदा धान झालं नाही. दिवाळीनंतर एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आबाजी घरी आले आणि दारात उभ्या रुपाकडे बघत राहिले.

"किती वाळली वो तू," ते म्हणाले. "खात नाही का?"

रुपाला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

डिंपलच्या खोक्यात आता नवी काच आहे. मला रुपानं जाड फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलंय, कारण काच उन्हात राहिली तर आग लागते, अशी तिला धास्ती. या अंधाराबद्दल माझी तक्रार नाही. आबाजींना माझी गरज उरली नाही, याचं मला सुख आहे. पण गरज होती तेव्हा मी कुठे होते, हे मला विसरता येत नाही.

मित्रांनो, कोणाची वस्तू मागून घ्याल तर 'ने' म्हणणाऱ्याचे हातही बघा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'दिसतं ना?' असं विचारू नका. ते 'दिसतं' असंच म्हणतात. त्यांच्या हातात एखादा कागद द्या, जवळ बसा आणि त्यांना वाचू द्या. अडले तर हसू नका, घाईही करू नका. पुढचं अक्षर हळूच तुम्ही सांगा.