मावशीच्या फॉर्मवरचं ठसठशीत ‘नाही’

घरात कुणी नुसतं शिंकलं तरी निदान मावशीची ही भाचीच करायची. जीवशास्त्रात पंच्याण्णव पडल्यापासून तर तिला आवरणं कठीण झालं होतं. त्यामुळे गरोदरपणाच्या सातव्या आठवड्यात मावशीला रक्त दिसायला लागलं आणि काका नेमके बाहेरगावी, तेव्हा दवाखान्यात सोबत निघाली ती हीच, युद्धावर निघाल्याच्या थाटात.

“आण इकडे, तुझं अक्षर मेलं कुणाला लागायचं नाही,” म्हणत तिने मावशीच्या हातून फॉर्म ओढला. वय, वजन, ॲलर्जी. ‘पूर्वी काही ऑपरेशन?’ इथे तर तिने विचारण्याचेही कष्ट घेतले नाहीत. ठसठशीत ‘नाही’ लिहिलं, शिवाय खाली दोन रेघा मारल्या.

सोनोग्राफी झाली. “गर्भ पिशवीच्या तोंडाशी उतरलाय,” तरुण डॉक्टर हळूच म्हणाला. “गर्भपात होतोय असं दिसतंय. आजच पिशवी साफ करून घेऊ.”

मावशीचा चेहरा उतरला. बाईसाहेबांनी लगेच ज्ञान पाजळलं, “नळीत नाही ना? मग धोका नाही गं!” भलत्या जागी रुजलेला गर्भ म्हणजे नळीतला, एवढंच तिच्या पुस्तकात होतं. पुस्तकात नाही ते जगात कसं असेल?

आतल्या खोलीत मावशीच्या गाऊनचे बंद बांधताना तिला ओटीपोटावर एक आडवा, पांढुरका व्रण दिसला.

“हे काय?”

“छकुलीच्या वेळचं सिझर.”

“अगं, मग मगाशी बोलली का नाहीस?”

“तू विचारलंस कुठे? आणि ते काय ऑपरेशन आहे? बाळंतपण ते!”

घरात ऑपरेशन म्हणजे आजोबांचं पित्ताशय. बाकी सगळं किरकोळ. क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे, सहा वर्षं झाली त्याला. सांगायचं म्हणजे त्या दोन रेघांसकट सगळ्यांसमोर नाक कापून घ्यायचं. पण नर्स मावशीला न्यायला आली आणि हिने हातातला गाऊनचा बंद तसाच सोडला. ती धावतच सुटली.

“डॉक्टर, फॉर्म चुकलाय! म्हणजे फॉर्म नाही, मीच चुकलेय. मावशीचं सिझर झालंय!”

डॉक्टरने हातातलं काम टाकलं आणि मोठ्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी पुन्हा तपासलं. पिशवी रिकामी होती, तिचं तोंड बंद. गर्भ रुजला होता सिझरच्या जुन्या व्रणात, आणि तो व मूत्राशय यांच्यामध्ये कागदाएवढी पातळ भिंत.

“हा उतरलेला नाही, इथेच घट्ट बसलाय,” मोठ्या बाई म्हणाल्या. “असं फार क्वचित होतं. खरवडलं असतं तर रक्त आवरलं नसतं. कदाचित गर्भाशयच काढावं लागलं असतं.”

 भाची बसायला गेली ती थेट वजनकाट्यावर.

“तिथून उठ बाळ,” नर्स म्हणाली, “तुझं वजन नकोय आम्हाला.”

मग सोनोग्राफीत बघत बघत बारीक सुईने गर्भात त्याची वाढ थांबवणारं औषध सोडलं, दंडात वेगळं इंजेक्शन दिलं. त्यानंतर दर आठवड्याला रक्ततपासणी. गर्भाच्या हार्मोनचा हजारांतला आकडा शेकड्यांवर आला, मग दहावर. उपचारांच्या नवव्या आठवड्यात तो संपला. मावशी वाचली, तिची पिशवीही वाचली.

रिपोर्ट हातात घेऊन मावशी आधी हसली आणि मग बाकावर बसून हमसून रडली. तिला ते बाळ हवं होतं.

हिच्या जिभेवर हार्मोन्सचं अख्खं प्रकरण तयार होतं.

“काही समजावू नकोस हं,” मावशी नाक पुसत म्हणाली.

“नाही समजावत.”

ती सरकून मावशीला चिकटून बसली आणि आपल्या ओढणीचं टोक तिच्यापुढे धरलं.