टेपने मोजलेली साखर

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. शिवणकामात कापड कापतो तो मास्तर. शिवणारे, काजं करणारे, बटणं लावणारे ते नुसते बाकीचे. मी बाकीच्यांत. तीस वर्षं काजं करतेय.

तर मास्तरांना मधुमेह. डॉक्टरांनी गोळ्या दिलेल्या, दर महिन्याला रक्त तपासा म्हणून बजावलेलं. पण मास्तरांचा विश्वास फक्त टेपवर. एका सकाळी त्यांनी गळ्यातली टेप स्वतःच्याच कमरेला गुंडाळली आणि आकडा दुकानभर मिरवला. चाळीसची कंबर सदतीसवर!

"साखर उतरली," म्हणाले. "रक्तबिक्त कशाला काढायचं? टेप खोटं बोलत नाही."

गोळ्यांची पट्टी खणात गेली आणि तीन पँट कमरेत आत घेतल्या गेल्या. दिवसभर बाटलीमागून बाटली पाणी, दर अर्ध्या तासाला संडासाकडे धाव. मी विचारलं तर म्हणे, बारीक माणसाला तहान लागतेच. मलाही ते पटलं. कंबर छान दिसत होती, खोटं कशाला बोलू?

महिन्याभराने, भर दुपारी, डावा हात नाचायला लागला. कापताना उजव्या हातात कात्री असते आणि डावा कापड दाबून धरतो. तो डावा कापडावरून उठला, खांद्यापर्यंत उडाला, वळवळला, खाली आला आणि पुन्हा उडाला. माप द्यायला उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या गालावर चापट बसली.

"अहो, माप घ्यायचंय, सूड नाही," म्हणत मी खो खो हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मास्तरांनी उजव्या हाताने डावा घट्ट धरला. तरी तो निसटला.

"ऐकत नाहीये गं," ते म्हणाले. मी तशीच रिक्षा बोलावली.

दवाखान्यात साखर निघाली पाचशे चाळीस. डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाची, पण मास्तरांची तिने चांगलीच हजेरी घेतली.

"कंबर उतरली कारण साखर लघवीतून वाहून चालली होती. शरीराने स्वतःलाच खायला घेतलं. मेंदूत हालचालींना लगाम घालणारा एक भाग असतो, त्याला ही साखर बाधली. म्हणून एकाच बाजूचा हात नाचतोय. साखर खाली आणली की बहुतेकांचा थांबतो."

"बहुतेकांचा म्हणजे?" मी विचारलं.

"बहुतेकांचा," ती म्हणाली.

इन्सुलिन सुरू झालं. साखर दोन दिवसांत वठणीवर आली, हात नाही आला. त्याने सलाईन उपटलं, नर्सची टोपी उडवली. मी शेजारच्या पेशंटांना सांगायचे, जपून हो, आमच्यात मारामारी डावीकडून होते. सगळे हसायचे. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडायचे. डाव्या हाताशिवाय कापणार कसं, हे मला विचारायची त्यांची हिंमत नव्हती आणि उत्तर द्यायची माझी.

झोपेत मात्र हात गप्प असायचा. डॉक्टरीणबाई म्हणाली होती, झोपेत थांबतोच, त्यावर भरवसा ठेवू नका. म्हणून सहाव्या दुपारी मास्तर घोरत होते तेव्हा मी नुसती बघत बसले. घोरणं थांबलं. डोळे उघडले. हात चादरीवर तसाच पडलेला. मी मनात वीस मोजले, मग पन्नास. हात तसाच.

मास्तर छताकडेच बघत होते. खाली बघायला घाबरत होते.

"नाचतोय का गं?"

आयुष्यभर जिची जीभ थांबली नाही, तिच्या तोंडून शब्द फुटेना. मास्तरांनी त्याचा उलटाच अर्थ काढला.

"मशीन विकून टाक," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "टेबलही."

मग कुठे मला आवाज सापडला.

"आधी डोळे पुसा," मी ओरडले. "डाव्या हाताने पुसा!"

हात उठला आणि सरळ डोळ्यापाशी गेला.