हातभर झाकण

पणदऱ्याचे जोतीराम तात्या साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसेनात. बारामतीला भंगारवाल्याकडं जायचं, लोकांनी टाकलेलं उचलून आणायचं आणि अंगणात बसून त्याचं काहीतरी करायचं. वॉशिंग मशीनच्या ड्रमची शेगडी झाली, मोडक्या सायकलीचं तण काढायचं कोळपं झालं. पण नाव झालं ते कडबा कुट्टीच्या मशिनीमुळं. जुन्या पंपाची मोटर, ट्रकच्या पाट्याला धार लावून केलेली पाती आणि पुढं दोन दातेरी रूळ. उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं तोंडात सारलं, की रूळ ते ओढून घ्यायचे आणि पलीकडं गुरांसाठी बारीक कुट्टी पडायची.

स्वतःच्या मशिनीच्या तोंडावर तात्यांनी फ्रिजच्या दाराचा पत्रा वाकवून हातभर लांब झाकण बसवलं होतं. हात रुळापर्यंत पोचूच नये म्हणून.

शेजारच्या वस्तीवरच्या दिग्विजयनं अशीच मशीन मागितली. घाई त्याची होती. पण झाकणाजोगा पत्रा मिळायच्या आधी मशीन दिली ती तात्यांनीच.

"झाकण ऱ्हायलंय, दिगू. पुढच्या खेपेला पत्रा आणतो," ते म्हणाले.

"चालतंय की, तात्या."

राहिलं ते राहिलंच. तात्या नव्या कामात गुंतले. सहा-सात खेपा झाल्या, पत्राही एकदा दिसला होता.

एका सकाळी दिग्विजयच्या वस्तीवरून आरडाओरडा ऐकू आला. तात्या धावले. दिग्विजयची बायको मोना मशिनीपाशी गुडघ्यांवर होती आणि तिचा उजवा हात मनगटापर्यंत रुळात होता. सासूनं मोटर बंद केली होती, पण हात निघेना. कुठला बोल्ट सोडायचा हे तात्यांनाच ठाऊक. त्यांनी पाना लावला. स्वतःच आवळलेले चार बोल्ट सोडायला त्यांना किती वेळ लागला कुणास ठाऊक. मोना ओरडत नव्हती. ती त्यांच्या हातांकडं बघत होती.

बारामतीच्या दवाखान्यात तिचा पंजा काढावा लागला.

तिसऱ्या दिवशी तात्या भेटायला गेले. दिग्विजय बाहेर बाकावर बसला होता. "नशीब, तात्या. तुमी मनाला लावून घिऊ न्हका," तो म्हणाला. ते ऐकून तात्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

मोना आत एकटीच होती. तिनं मान वळवली.

"तात्या, तुमच्या घरच्या मशिनीला झाकण हाय. आमच्या का न्हवतं?"

खोटं बोलायला जागा होती. पत्रा मिळाला नाही, म्हणता आलं असतं.

"माझ्याच्यानं ऱ्हायलं," ते म्हणाले. "इसरलो न्हवतो. ऱ्हायलं."

"म्हंजी हात जाईल हे तुमाला ठावं व्हतं."

"व्हय."

ती पुन्हा भिंतीकडं वळली. तात्या निघाले.

दिग्विजयची धरून तात्यांनी आजवर अशा बिनझाकणाच्या पाच मशिनी लोकांना दिल्या होत्या. पुढच्या आठवड्यात घरातलं सगळं भंगार उपसून त्यांनी पाच झाकणं केली. निमगाव केतकीला दोन बसवली. बावड्याकडं एक बसवलं. कऱ्हाटीच्या सोपानरावांनी बसवू दिलं, चहा पाजला. चार दिवसांनी तात्या पुन्हा तिकडून गेले, तर झाकण गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं.

"त्यानं येळ लागतो वं," सोपानराव हसून म्हणाले.

तात्यांनी त्यांना मोनाचं सांगितलं. सोपानराव हळहळले. झाकण मात्र भिंतीलाच राहिलं.

दिग्विजयकडं ते सगळ्यात शेवटी गेले. मशीन त्यानं मोडली नव्हती. म्हशी काय उपाशी ठेवायच्या? मोना आता डाव्या हातानं वाढं सारत होती. तात्यांना बघून तिनं मोटर बंद केली आणि बाजूला झाली. उजव्या हाताला पदर गुंडाळला होता.

तात्यांनी झाकण बसवलं. मग ती पुढं आली, वाकली आणि डावा हात खांद्यापर्यंत आत घातला. मोटर बंद आहे ना, हे तात्यांनी पुन्हा पाहिलं. हात रुळापासून वीतभर अलीकडंच थांबला. तिनं आणखी रेटून पाहिलं, गाल पत्र्याला टेकेपर्यंत.

"न्हाय पोचत," ती म्हणाली.

तात्या पाने पिशवीत भरू लागले.

"तात्या, आता हिकडं येत जाऊ न्हका. तुमी आला की सासूबाई तुमास्नी चहा करत्यात, मला बघवत न्हाय."

"बरं," तात्या म्हणाले. त्यांच्या पाठीमागं मोटर सुरू झाली.