धाकटीची पेज

माझी मुलगी बातानी सात वर्षांची, आणि नात्याने माझी मावशी. जंगलातल्या नदीकाठच्या आम्हा हुनी कुईन आदिवासींमध्ये आजीच्या बहिणीचं नाव नातीला मिळतं, आणि नावाबरोबर नातंही चालत येतं. म्हणून माझी आई आयानी या चिमुरडीला ‘ताई’ म्हणते. शहरात राहून मी हे सगळं गुंडाळून ठेवलं होतं.

थोरली बातानी, माझी खरी मावशी, गेल्या पावसाळ्यात वारली. आमच्या गावात आईशी आपल्या बोलीत भांडणारी ती एकटीच उरली होती. बाकी सगळे पोर्तुगीज झाडणारे. मी तर शाळेत जायला लागल्यापासून आईला पोर्तुगीजमधूनच उत्तरं दिली, तीही ऐटीत. मावशी गेली आणि आईने तोंडच मिटून घेतलं. “अकरा महिने नुसती मान हलवते,” असा भावाचा निरोप आला, तेव्हा मी मुलीला घेऊन होडीने गाव गाठलं.

आईने न बोलता आमच्यापुढे मक्या-शेंगदाण्याची पेज ठेवली. ही पेज प्यायली की मावशी एक वाक्य हटकून बोलायची. आपल्या बोलीतलं मला धड येत होतं ते तेवढंच. मी ते अर्थासकट मुलीच्या कानात सांगितलं.

“आजीला असं बोलू?”

“आजीला नाही, धाकट्या बहिणीला. बोल बिनधास्त.”

तिने कमरेवर हात ठेवले. “आयानी, ही पेज आहे की नदीचं पाणी?”

आईच्या हातातली पळी थांबली. मग बाई जी सुटली! “जन्मभर नावंच ठेवलीस, ताई! स्वतः कधी मका दळलास? आणि इतके दिवस होतीस कुठे? मी काय कोंबड्यांशी बोलू?”

मला निम्मंच कळलं, पण रडू कोसळलं. मुलगी मात्र नुसती बघत राहिली. आईने माझ्याकडे पाहिलं.

“हिला कळत नाही?”

“नाही, आई. मी शिकवलंच नाही.”

आई गप्प झाली. आता ही पुन्हा तोंड मिटणार, अशी मला भीती वाटली. तेवढ्यात मुलीने वाडगा पुढे सरकवला आणि तिला येत होतं ते एकमेव वाक्य पुन्हा ठणकावलं.

आई खो खो हसली. “बस, ताई. आधी ‘मका’ म्हणायला शीक, मग खोड्या काढ.” मी उठू लागले तशी मलाही दटावलं, “तू कुठे निघालीस? मावशी शिकतेय, तूही बस.”

संध्याकाळपर्यंत मुलगी माझे उच्चार सुधारू लागली होती.

“चुकलं, मावशी,” मी म्हणाले. जी गेली आणि जी समोर होती, त्या दोघींचे उपकार मानत.